गांगुर्डेमामांची शिटी

आमच्या शेजारच्या गांगुर्डेमामांकडे तुम्ही पहिल्यांदा गेलात, तर पाण्याचा पेला हातात यायच्या आधी एक नळी हातात येते. तांब्याची, करंगळीएवढी जाड, जेमतेम वीतभर लांब, मधे एक बारीक खाच. "ओढा," मामा म्हणतात. तुम्ही गोंधळून फुंकता. "फुंकू नका हो, ओढा! श्वास आत! जोरात! चहा पिताय काय, जोरात!" जगातल्या सगळ्या शिट्या फुंकल्यावर वाजतात. मामांची शिटी श्वास आत ओढल्यावर वाजते, आणि तोही छातीतला सगळा जोर लावून ओढला तरच. वाजली की मामा "लाइन क्लिअर!" म्हणतात आणि तुम्हाला खुर्ची मिळते. नाही वाजली तर चौकशी सुरू होते. विडी ओढता का? घरात चूल होती का? जिना चढताना मधे थांबता का? डॉक्टरला छाती शेवटची कधी दाखवली?

तोवर आत मामी गॅसवर दोन पातेली ठेवतात. एकात चहा उकळतो, दुसऱ्यात शिट्या. एकाची उष्टी शिटी दुसऱ्याला द्यायची नाही, एवढं पथ्य मामा कडक पाळतात. एकदा दोन्ही पातेल्यांची अदलाबदल झाली होती, असं मामी सांगतात. त्या दिवशीचा चहा कोण प्यायलं, ते मात्र अजून सांगत नाहीत.

ह्या नळीतून आमच्या मखमलाबाद रोडच्या सोसायटीत कोणीही सुटलेलं नाही. कुरिअरवाला सुटला नाही, सिलिंडरवाला सुटला नाही. मतं मागायला आलेल्या एका उमेदवारालाही मामांनी हार घालायच्या आधी नळी दिली. त्यांची वाजली नाही. "पाच वर्षं काय ओढणार हे?" मामांनी त्यांच्यादेखत कार्यकर्त्यांना विचारलं. माझ्या नणंदेला बघायला आलेली मंडळी चुकून मामांच्या दारात गेली, ती पंधरा मिनिटांनी आमच्याकडे आली तेव्हा मुलाचे वडील घामाघूम झाले होते. लग्न जमलं. पण ते गृहस्थ आमच्याकडे येताना अजून मामांचं दार बंद आहे ना, हे जिन्यातून वाकून बघतात.

मी शाळेत गणित शिकवते, दुपारच्या सत्रात. माझे यजमान सिन्नरच्या कारखान्यात आहेत, ते सकाळी सातच्या बसने जातात. मी साडेअकराला घराला कुलूप लावते आणि सहाला परत येते. सगळी सोसायटी मला "बाई" म्हणते, मामा-मामीसुद्धा. मामांचा आणि माझा स्वयंपाकघराचा ओटा एकाच भिंतीला टेकलेला आहे. भिंत चार इंची. हे सगळं आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे आणि मला मधे थांबून समजावून सांगायचा कंटाळा आहे. तो दिवसभर शाळेत केलेला असतो.

मामांचा धंदा फ्रीज दुरुस्तीचा. आता दुकान बंद केलंय, पण धंदा अंगातून गेलेला नाही. त्यांना बसता येत नाही. खुर्ची पुढे केली तर पाठीवर हात ठेवून उभे राहतात, दोन वाक्यं बोलतात, आणि तिसऱ्या वाक्याला तुमच्या स्वयंपाकघरात पोचलेले असतात. तिथे ते फ्रीजला कान लावतात. "शू!" सगळ्यांनी गप्प व्हायचं. "ऐका. बारीक सू येतोय. लीकेज." आमच्याकडे हळदीकुंकवाला चाळीस बायका असताना मामा फ्रीजला कान लावून उभे होते आणि सगळ्या बायका हातात वाण घेऊन श्वास रोखून थांबल्या होत्या. सू होता, हेही खरं. चाळीस वर्षं त्यांनी गॅसची गळती साबणाच्या फेसाच्याही आधी कानाने शोधली. म्हणून तर मी घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवत नसे. एकदाच ठेवली होती. संध्याकाळी येऊन पाहते तर फ्रीज भिंतीपासून हातभर पुढे, मागची जाळी घासूनपुसून लख्ख, आणि माझे कोबीचे गड्डे ओट्यावर ओळीने मांडलेले.

आता शिटीकडे येते. मामींना श्वासाचा त्रास आहे. दमा नव्हे, डॉक्टरांच्या भाषेत फुप्फुसांचा जुनाट आजार. श्वासाच्या नळ्या आखडलेल्या, त्या पूर्ववत व्हायच्या नाहीत, फक्त औषधाने मोकळ्या ठेवायच्या. मामींनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. त्या पेठकडच्या डोंगरातल्या. लहानपणापासून चुलीपुढे बसल्या, लग्नानंतरही पुष्कळ वर्षं चूलच. डॉक्टर म्हणाल्या, ह्या धुरानेच झालंय. मामा मात्र त्या दिवशी दवाखान्यातून गप्प आले. लग्नानंतर ते एका खोलीत राहत. पुढच्या अर्ध्या भागात मामांचं दुकान, मागच्या अर्ध्या भागात संसार. पुढे तांब्याच्या नळ्यांना डाग देताना उठणारा धूर मागे मामींच्या भाकरीवर जायचा.

डॉक्टरांनी प्रथम मामींना फवाऱ्याचा पंप, म्हणजे इनहेलर, लिहून दिला होता. मामांची सवय अशी की कुठलीही वस्तू आणली की आधी तिचा कागद वाचायचा. भिंग घेऊन ते औषधाचा घडीचा कागद वाचत होते, आणि एकदम ओरडले, "अरे, हा इथे काय करतोय?"

औषध फवारून बाहेर ढकलायला पंपात जो गॅस भरलेला असतो, तो मामांचा जुना ओळखीचा निघाला. अर्धं आयुष्य त्यांनी तोच गॅस फ्रीजमध्ये भरला होता. आणि काढलाही होता, हे महत्त्वाचं. फ्रीज दुरुस्तीला आला की जुना गॅस काढून टाकायचा. कुठे टाकायचा? "पाइप खिडकीबाहेर सोडायचा, व्हॉल्व्ह उघडायचा आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत गॅस संपायचा," मामा सांगतात. पुढे कधीतरी मेकॅनिक लोकांचं एक शिबिर झालं. तिथे त्यांना कळलं की खिडकीबाहेर सोडलेला तो गॅस कुठेही जात नाही, वर जाऊन बसतो आणि पृथ्वीची उष्णता आतच दाबून धरतो. मामा शिबिरातून आले आणि दोन दिवस त्यांनी चहा घेतला नाही.

तर तो कागद घेऊन ते दवाखान्यात गेले. "डॉक्टर, हा गॅस मी हजारो फ्रीजमध्ये भरला. बायकोत भरणार नाही."

डॉक्टर शांत बाई आहेत. त्यांनी सांगितलं, गॅस नसलेली पावडरची औषधंही असतात. छोटं यंत्र, त्यात कॅप्सूल घालायची, ती आत फुटते, आणि रोग्याने स्वतःच्या श्वासाने पावडर ओढून घ्यायची. पृथ्वीच्या दृष्टीने ती बरी. "पण मामा, ती ढकलायला गॅस नाही म्हणजे ओढायला जोर लागतो. मामींचा जोर आहे तोवर चालेल. अधूनमधून तपासायला आणा."

तपासायला आणा, एवढं मामांना पुरे होतं. त्या आठवड्यात तांब्याच्या नळीची शिटी तयार झाली. पावडर ओढायला जेवढा जोर लागतो, तेवढ्याच जोराने वाजणारी. निदान मामांचं म्हणणं तसं. मामींची वाजली, आणि मामा घरोघर सुटले. जो कोणी पंप घेतो त्याला गाठायचं, शिटी वाजवून घ्यायची आणि वाजली की डॉक्टरांकडे पिटाळायचं. "विचारा, पावडर चालेल का! चालत असेल तर हा गॅस कशाला?" सोसायटीतल्या दोघांची औषधं डॉक्टरांनी खरंच बदलून दिली. संपलेले पंप मामा गोळा करतात आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. भंगारात गेले तर कोणीतरी भोक पाडणार आणि तळाचा गॅस सुटणार. ते परत घ्या म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानात इतक्या चकरा मारल्या, की आता मामा दिसले की दुकानदार आत गोळ्या मोजायला जातो.

दुसरी आघाडी पाचोळ्याची. थंडी पडली की सकाळी कोणी ना कोणी पाला पेटवतो आणि शेकत बसतो. मामा गॅलरीतून धूर बघतात आणि बादली घेऊन धावतात. धूर म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. एकदा शेकणाऱ्या तिघांसकट शेकोटी विझवली. पाला जाळायचा नाही तर टाकायचा कुठे, असं सोसायटीने विचारलं, तर त्यांनी तीन मेलेले फ्रीज आणून मागच्या अंगणात उताणे झोपवले आणि त्यांत पाला कुजवायला घातला. खत उत्तम होतं. पण नवा भाडेकरू आला की त्याला ते फ्रीज आधी समजावून सांगावे लागतात.

आणि मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांनी सगळ्यांवर कडी केली. घरातला स्वतःचा फ्रीज बंद केला. चांगला चालता फ्रीज. "पृथ्वीसाठी," म्हणाले. सोसायटी हसली. फ्रीजच्या मेकॅनिकच्या घरी फ्रीज बंद, आणि मामी दुधाचं पातेलं घेऊन सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे. मला मामांचा भयंकर राग आला होता. माणसाने तत्त्वं पाळावीत, पण ती बायकोच्या पायाने का पाळावीत? असं मी तोंडावर बोललेही. मामा म्हणाले, "बाई, चार पावलं चालणं चांगलं असतं तिला," आणि माझ्या फ्रीजला कान लावून निघून गेले.

राग आला होता, पण एका बाजूने ते माझ्या पथ्यावरच पडलं होतं. कारण माझ्या घरात एक चोरी चालू होती.

झालं होतं असं. दिवाळीच्या आधीच मामींची पावडर चालेनाशी झाली होती. यंत्रात कॅप्सूल गरगर फिरायला हवी, ती नुसती खुळखुळायची. जिन्याच्या एकेका पायरीवर त्या थांबायच्या. मामा शाळांतून पाचोळ्यावर भाषण द्यायला गेले असताना मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, आता ओढायचा जोर पुरत नाही, औषध आत पोचतच नाही, फवाऱ्याचाच पंप हवा. रोजचा एक आणि अडचणीच्या वेळचा एक, निळा. सोबत प्लॅस्टिकचा एक पोकळ भोपळा, ज्याला स्पेसर म्हणतात. त्यात फवारा मारायचा आणि हळूहळू श्वास घ्यायचा.

"यांना सांगू नका," मामी जिन्यात म्हणाल्या.

"अहो मामी, औषध आहे ते! दारू नाही!"

"तुम्हाला नाय माहीत बाई. त्या गॅसचं यांनी लय मनाला लावून घेतलंय. साऱ्या सोसायटीला सांगत फिरत्यात, आणि घरातच तो आला तर? झोपायचे नाय ते." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडं ठेवते. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. कोणाला कळतंय?"

निळा तरी जवळ ठेवा, असं मी दोनदा बजावलं. पण मामा घरातली प्रत्येक वस्तू उचकून बघणारे. त्या म्हणाल्या, सापडला की सगळंच उघडं पडेल, आणि मी गप्प बसले. गणित शिकवणाऱ्या बाईला एवढा साधा हिशेब करता आला नाही, की माझं घर दुपारी सहा-साडेसहा तास कुलपात असतं. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पहिले काही दिवस मामी साखर मागायला आल्या, मग कढीपत्ता, मग नुसत्याच. शेवयांच्या डब्यामागे दोन्ही पंप आणि तो भोपळा. डबा सरकवायचा, दोन फवारे घ्यायचे, नळाखाली चूळ भरायची, जायचं. बाहेर मामांच्या चपला वाजल्या की माझ्या हातातलं भांडं पडायचं. मामा बोलायला लागले की मी त्यांच्या डोळ्यांत बघत नसे. रोजच्या भाजीला मीठ पडलं की नाही ते मला आठवेना. मग फ्रीज बंद झाला, दुधाचं निमित्त मिळालं आणि आम्ही दोघी जरा सुटलो.

उरली रविवारची शिटी. दर रविवारी सकाळी, मिसळ खायच्या आधी, मामा मामींची परीक्षा घेत. आता पकडलं जाणार, असं मला दर वेळी वाटायचं. पण गॅलरीत मामी माझ्याकडे पाठ करून, नळी तोंडाला लावून उभ्या राहायच्या आणि शिटी खणखणीत वाजायची. "लाइन क्लिअर!" मामा ओरडायचे. मला कळेना. मी विचारलं तेव्हा मामींनी तोंडावर पदर धरला आणि हसल्या. मग ओठांचा चंबू करून अशी शिटी मारली की माझ्या कानठळ्याच बसायच्या बाकी राहिल्या. "डोंगरात शेळ्या राखल्यात बाई. नळी नुसती पुढं धरायची."

असं वर्षभर चाललं. ह्या डिसेंबरात ते मोडलं.

मंगळवार होता. वर्गात जाताना मी फोन कपाटात ठेवते. तीनच्या सुट्टीत काढला तर मामांचे अकरा मिस्ड कॉल. मामा कोणाला कधी फोन करत नाहीत, ते थेट येतात. मी लावला, कोणी उचलेना. परत लावला. मुख्याध्यापिकांना काय सांगून निघाले ते मला आठवत नाही. गाडी चालवताना मी एकच करत होते, तास मोजत होते. साडेअकरा ते तीन. साडेअकरा ते तीन. अशोकस्तंभाच्या सिग्नलला मागच्या माणसाने हॉर्न वाजवला तेव्हा दिवा हिरवा झाल्याचं कळलं.

माझ्या दाराचा कोयंडा एका बाजूला लोंबत होता. कुलूप त्याला तसंच, लावलेलं. आत सगळं जागच्या जागी. फक्त शेवयांचा डबा ओट्यावर होता आणि त्याच्या मागे काही नव्हतं. मी तशीच वळून दवाखान्याकडे पळाले.

मामी आत पलंगावर होत्या, तोंडावर वाफेचा मुखवटा, डोळे मिटलेले, पण छाती सावकाश वरखाली होत होती. मला बघून त्यांनी दोन बोटं हलवली. डॉक्टर म्हणाल्या, धोका टळलाय. बाहेर बाकावर मामा बसले होते. मांडीवर तो प्लॅस्टिकचा भोपळा. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बाई, कुलूप नाय तोडलं," ते म्हणाले. "कोयंड्याचे स्क्रू काढले. चार. संध्याकाळी बसवून देतो."

"मामा, झालं काय?"

मागच्या अंगणात कोणीतरी पाला पेटवला होता, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या. मामा बादली घेऊन धावले. एका बादलीने विझेना, म्हणून दुसरी घेऊन मामी त्यांच्यामागे उतरल्या. धूर त्यांच्या अंगावर आला. कसंबसं मामांनी त्यांना वर आणलं. यंत्रात कॅप्सूल घातली, तोंडाला लावली.

"ओढ म्हटलं. जोरात ओढ, तारा, जोरात," मामा भोपळ्याकडे बघत बोलत होते. "तिला ओढताच येईना, बाई. आणि मी आपला ओरडतोय, जोरात, जोरात. दोनदा ओरडलो. मग पाना-पेचकस घेतला आणि तुमच्या दाराकडं गेलो."

मी विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं? शेवयांच्या डब्यामागे?"

"चार इंची भिंत हाय, बाई. चाळीस वर्षं कानानं लीक शोधलंय मी. आधी डबा सरकतो. मग फुस्. मग जरा थांबून परत फुस्. मग नळ. चूळ भरती ती."

"केव्हापासून ऐकताय?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि रविवारची शिटी?"

"नळीची शिटी शेवटाला पडती. तिची चढती. शेळ्या राखायची शिटी मला नाय कळणार? त्या शिटीवरच तर मी पेठला पहिल्यांदा मान वळवून बघितलं होतं."

मला रडू आलं की राग, सांगता येत नाही. बहुतेक राग, कारण मी दवाखान्यात ओरडले. "मग बोलला का नाहीत? वर्षभर आम्ही दोघी चोरासारख्या! पंप घरात असता तर आज हे झालंच नसतं!"

"नसतं झालं," मामा म्हणाले. लगेच म्हणाले, वाद न घालता, आणि त्याने माझा आवाज खाली आला.

मग बराच वेळ ते भोपळ्याचं झाकण लावत होते, काढत होते. "गॅसचं खरंच हाय, बाई. तो सोडू नये. पण माझं भांडण काय एवढं गॅसशी नव्हतं. पावडर ओढती म्हणजे छातीत जोर हाय, असं मी मनाशी धरलं होतं. पंप घरात आला की जोर गेला म्हणायचं. तो धूर माझ्या दुकानाचा, बाई. डॉक्टर म्हणू दे चुलीचा. ती तुमच्या घरी जाऊन घेती तोवर मला बघावं लागत नव्हतं. एवढंच. भ्यालो मी."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग एकदम डोक्यात आलं. "मामा, तुमचा फ्रीज. पृथ्वीसाठी बंद केलात तो."

मामा कानापर्यंत लाल झाले. "तिला किती दिवस साखर मागायला लावायची? घरात दोन किलो साखर पडलेली. कधीतरी तुम्हीच विचारलं असतं ना, की मामी, रोज साखर कशाला? दुधाला दोन वेळा यावंच लागतं. मग कोणी विचारत नाय."

आतून डॉक्टरांनी बोलावलं. त्यांनी मामांना समोर उभं केलं आणि शांतपणे चांगलं झापलं. रोग्याला जो ओढता येतो तोच पंप चांगला, हे आधी. गॅस वाचवायचा असेल तर तो नीट वापरा, एकही फवारा वाया घालवू नका, छाती वेळेवर दाखवा म्हणजे जास्तीचे फवारे लागत नाहीत. पावडर ज्यांना चालते त्यांना जरूर चालू द्या. "आणि धूर दिसला तर तुम्ही जा, त्यांना वरच ठेवा." मामा सगळ्याला मान हलवत होते. शेवटी त्यांनी भोपळा पुढे केला. "हे कसं द्यायचं, मला एकदा दाखवा."

"यात जोरात ओढायचं नाही बरं का, मामा," डॉक्टर म्हणाल्या. "हळू. अगदी हळू. मग दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा."

मामांनी ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं.

संध्याकाळी मामींना घरी सोडलं आणि कोयंडा मामांनी लगेच बसवला, आधीपेक्षा लांब स्क्रू लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून फ्रीज सुरू झाल्याची घरघर आली. मामी दुधाचं पातेलं न्यायला आल्या, आणि माझ्या फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा झाला. तो मी अजून भरलेला नाही. तिथे काय ठेवावं ते सुचत नाही.

शिटी चालूच आहे. परवा नवा भाडेकरू आला, त्याच्या आईची वाजली नाही. मी कान देऊन होते. "नाय वाजली तर नाय वाजली, मावशी," मामा म्हणाले. "पंप घ्या. भांडायचं नाय. पण आधी डॉक्टरला छाती दाखवायची, उद्याच." आणि त्यांना खुर्ची दिली. पाचोळ्यावरून मात्र त्यांचं भांडण वाढलंच आहे. आता ते दोन बादल्या घेऊन उतरतात.

रोज सकाळी साडेसातला मी ओट्याशी पोळ्या लाटत असते. भिंतीपलीकडून मामांचा आवाज येतो. "हळू. हळू, तारा. घाई नाय." मग फुस्. मग ते छोट्या पान्याने ओट्यावर दहा ठोके मारतात, एकेक करून, सावकाश. तोंडाने का मोजत नाही, असं मी मामींना विचारलं.

"तोंडानं कसं मोजतील?" मामी म्हणाल्या. "तेवढा वेळ तेही श्वास धरून असत्यात."